गाडी कोळशाची, ओढ आपली

आपल्या मोहर्लीत रेल्वे नाही. चंद्रपूरला गेलो की फाटकापाशी थांबून आपण डबे मोजतो. मन गाडीमागं धावतं.

ही गाडी आपल्यासाठी आलीच नव्हती. इंग्रजांनी १८७०च्या दशकात वर्धा-वरोरा लोहमार्ग टाकला, तो वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा न्यायला. पुढं १९२९च्या सुमारास बल्लारशाह-काझीपेट मार्ग पूर्ण झाला आणि दिल्लीहून मद्रासला जाणारी सरळ वाट आपल्या जिल्ह्यातून गेली.

कोळसा गेला, सागवान गेलं. बाई मात्र माहेरी, लग्नाला नाहीतर दवाखान्यात; नुसतं बघायला कुठंच नाही. पुढच्या बैठकीत बचत गटाच्या वहीत कर्जाचं एक कारण वाढवू या: प्रवास.