सुटीतील फेरफटका आणि नागपूरचे दगड

उन्हाळ्याची सुटी म्हणजे गावाबाहेर जाणे, असे समीकरण आता घरोघर रूढ झाले आहे. मे महिना उजाडला की आगगाडीची आरक्षणे, थंड हवेची ठिकाणे आणि तेथील गर्दी यांच्याच गोष्टी कानी पडतात. ज्यांना जाणे परवडत नाही त्यांची सुटी कूलरसमोर सरते. विदर्भातील ऊनही असे की, नवतपाच्या दिवसांत सकाळी दहानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. परंतु याच नागपूरच्या परिसरात, कामातून मिळणाऱ्या थोड्याशा मोकळ्या वेळात, दोन माणसे घराजवळच्या माळावर फिरत असताना जे त्यांच्या दृष्टीस पडले, त्याने या भूमीचा ज्ञात इतिहास कोट्यवधी वर्षे मागे नेला. ती हकिकत बेसासारख्या गावात राहणाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावी अशी आहे.

बेसा हे नागपूरच्या दक्षिण अंगाचे गाव. एकेकाळी ते निव्वळ शेतीचे होते. शहर वाढत वाढत त्याच्या शिवेपाशी आले आणि पुढे तिच्या आत शिरले. आज शेतांच्या जागी ले-आउट पडले आहेत आणि धुऱ्यांच्या जागी कुंपणभिंती आल्या आहेत. येथील मुलांना विचारावे, ‘तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?’ तर बहुतेक जण उत्तर देतात, ‘काहीच नाही.’ हे उत्तर आम्हांस अस्वस्थ करते. कारण सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी नागपूरच्या माळांविषयीही हेच उत्तर मिळाले असते.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी. शाळा चालवणे, भाषा शिकणे आणि गावोगाव प्रवास करणे हे दोघांचे नित्याचे काम. ते आमच्या कॅथलिक परंपरेतले नव्हते. परंतु ज्या देशात आपण राहतो त्याची माती, दगड, माणसे आणि त्यांची गाणी मनापासून जाणून घ्यावीत, हा त्यांचा बाणा कोणत्याही धर्मसेवकाने आदर्श मानावा असा होता.

१८५१ सालच्या मध्यास हे दोघे नागपूरच्या पश्चिमेस टाकळीच्या माळावर फेरफटका मारीत होते. तेथे विखुरलेल्या दगडांत हंटर यांना एक तुकडा वेगळा भासला. त्यात प्राचीन जीवांचे अवशेष होते. शोध घेता घेता गोड्या पाण्यात राहणाऱ्या गोगलगाईचे शंख त्यांच्या हाती लागले. ‘फायसा’ या नावाने हे शंख पुढे प्रसिद्धीस आले. वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडाने व्यापला आहे, तो लाव्हारसाचा आहे. वितळलेल्या दगडात गोगलगाय राहील कशी? याचा उलगडा असा की, लाव्हा एकाच वेळी वाहिला नाही. तो थरांवर थर असा आला आणि दोन थरांच्या मध्ये दीर्घ विश्रांतीचे काळ गेले. त्या काळात जमिनीवर तळी साचली, झाडे वाढली, पाण्यात गोगलगाई आणि मासे नांदले. मग पुढचा लाव्हा आला आणि त्या तळ्यांचा चिखल आपल्याखाली गाडून गेला. टाकळीचे शंख हे त्या विश्रांतीच्या काळाचे साक्षीदार होत. हिस्लॉप यांनी या थरांचे जे वय अनुमानिले होते, ते पुढील संशोधनाने बदलले. आता ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे, म्हणजे डायनासोर पृथ्वीवरून नाहीसे झाले त्या सुमाराचे मानले जातात.

हे टाकळी म्हणजे आजच्या सेमिनरी हिल्सच्या आसपासचा प्रदेश. सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे त्या टेकड्यांना हे नाव पडले. तेथेच आम्ही तत्त्वज्ञानाचे पहिले धडे गिरवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे मोठे कार्यालयही आज त्याच परिसरात आहे. ईश्वरविद्या आणि भूविद्या यांचा असा शेजार क्वचितच कोठे आढळेल.

त्या एका फेरफटक्यानंतर हिस्लॉप आणि हंटर यांनी शंखांबरोबरच जीवाश्म झालेली लाकडे, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेषही जमवले. नागपूरच्या भूरचनेवरील त्यांचा प्रबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. दक्षिणेकडे, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी त्याच वर्षी केले. ‘हिस्लोपाइट’ हे खनिज आणि गोड्या पाण्यातील ‘हिस्लोपिया’ हा सूक्ष्म जीव, दोहोंना त्यांचेच नाव मिळाले. १८८३ साली स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांचीच स्मृती जपते.

त्यांचे कुतूहल दगडांपाशी थांबले नाही. गोंड समाजात प्रधान हे परंपरेने गाणारे. त्यांच्या तोंडून गोंडांच्या लिंगोचे गीत हिस्लॉप यांनी उतरवून घेतले. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तो ग्रंथ पाहण्यास हिस्लॉप मात्र हयात नव्हते.

त्यांचा अंत बेसाहून फार दूर झाला नाही. वर्धा मार्गाने दक्षिणेस गेले की बुटीबोरी लागते आणि तिच्या जवळ टाकळघाट आहे. तेथे मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेले आहेत. त्या काळचे गावकरी अशी वर्तुळे गवळी राजांची मानीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासमवेत हिस्लॉप ही वर्तुळे पाहण्यास गेले. एका गावातील शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले. सायंकाळी बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडून मरण पावले. वयाची शेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालयाची, लोकांच्या तोंडी असलेल्या अजब बंगल्याची, स्थापना झाली.

ज्या वर्तुळांपायी हिस्लॉप यांनी तो प्रवास केला, त्यांचे मर्म पुढे हळूहळू उकलले. काटोल मार्गावरील जुनापाणीच्या वर्तुळांविषयी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली लिहिले. तेथे सुमारे तीनशे वर्तुळे असल्याचे सांगतात. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा येथे उत्खनन केले. टाकळघाटला त्या लोकांची वस्ती होती आणि खापा येथे त्यांची दफने, असे निष्पन्न झाले. लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी मडकी, मौल्यवान दगडांचे मणी आणि घोड्यांचा साज या स्थळांतून मिळतो. माहुरझरीला मृतांसोबत घोडेही पुरलेले आढळले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील ही माणसे आपल्या मृतांना आदराने निरोप देत होती. ‘काहीच नाही’ म्हणून ज्या माळांकडे आपण पाठ फिरवतो, ते असे भरलेले आहेत.

यावरून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. फावला वेळ सर्वांनाच मिळतो. त्यात डोळे उघडे ठेवून चालणारा मात्र विरळा. टाकळीचा शंख सापडला तो मोठ्या मोहिमेत नव्हे, पायी फिरताना. आज धोका असा आहे की, पाहणारा येण्याआधीच माळ सपाट होतो. दगडी वर्तुळाचे धोंडे बांधकामाला सोयीचे असतात, मुरूम रस्त्याला लागतो आणि जुनी विहीर बुजवून तिच्यावर घर उभे राहते. एकदा हे घडले की मग कोणत्याही विद्वानाला तेथे काही वाचता येत नाही.

म्हणून बेसा आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांना आमची सूचना आहे. या सुटीत सूर्य वर येण्यापूर्वी किंवा तो कलल्यानंतर मुलांना घेऊन गावची शीव फिरावी. जुनी विहीर, तळे, शेंदूर लावलेला धोंडा, शेताचे वा पांदणीचे जुने नाव यांची वहीत नोंद करावी. आजोबांना विचारून त्यांची गोष्ट लिहून घ्यावी. कोठे दगडांचे वर्तुळ दिसले तर उकरू नये, काही उचलून घरी आणू नये. पुरातत्त्व खात्यास अथवा विद्यापीठास कळवावे. एखाद्या गोष्टीची जागा हरवली की तिचा अर्धा अर्थ हरवतो.

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातले बारा दगड काठावर उभे करविले. पुढे मुले विचारतील की हे दगड कशाचे, तेव्हा त्यांना सांगता यावे, हा त्यामागील हेतू. आपली मुलेही उद्या विचारतील. तेव्हा दगड जागेवर असावेत आणि उत्तर देणाराही असावा.