गावोगावच्या यात्रा कमिट्या तमाशा ठरवायला नारायणगावलाच का येतात?

पुणे-नाशिक हायवेवरचं नारायणगाव बाहेरच्या लोकांना माहिती असतं ते टोमॅटोच्या मार्केटमुळं. पण गुढीपाडव्याच्या आसपास इथं आणखी एक बाजार भरतो. तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, बाहेर फडाच्या नावाचा मोठा बोर्ड आणि आत डायरी उघडून बसलेला मॅनेजर. पांढऱ्या टोप्या घातलेली चार-पाच माणसं या राहुटीतून त्या राहुटीत फिरत असतात.

ही माणसं म्हणजे यात्रा कमिटी. गावात वर्गणी गोळा झालेली असते, ग्रामदैवताच्या यात्रेची तिथी ठरलेली असते. आता त्या रात्रीसाठी फड ठरवायचा असतो. घासाघीस होते, आकडा ठरतो, विसार दिला जातो आणि डायरीत गावाचं नाव चढतं. याला म्हणायचं सुपारी. सुपारीचा तमाशा गावाला फुकट बघायला मिळतो, कारण पैसे आधीच वर्गणीतून गेलेले असतात. एरवी दसऱ्यापासून हेच फड गावोगाव कनाती लावून तिकिटावर खेळ करतात.

एकाच फडाचा भाव रोज वेगळा असतो. चैत्री पौर्णिमा, कालाष्टमी, अक्षय्य तृतीया अशा तिथींना एकाच दिवशी कितीतरी गावांच्या यात्रा येतात आणि फड मोजकेच. त्यामुळं त्या रात्रींचा भाव चढतो, आणि मधल्या एखाद्या रिकाम्या तारखेला तोच फड बऱ्याच कमी पैशात मिळतो. देवाची तिथी काही पुढंमागं करता येत नाही, हे मॅनेजरला कमिटीपेक्षा जास्त चांगलं माहिती असतं.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातली यात्रा म्हणजे सकाळी देवाचा अभिषेक, दिवसभर घाटात बैलगाडे, संध्याकाळी पालखी आणि रात्री तमाशा. (बैलगाडा शर्यतींवर २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि घाट पुन्हा गजबजले.) तमाशा मात्र त्या रात्रीवर संपत नाही. दुसऱ्या दिवशी बऱ्याच गावांत फडाची हजेरी असते. रात्री वग केलेले कलाकारच दिवसा पुन्हा उभे राहतात आणि देवापुढं, गावापुढं गाणी म्हणतात. हजेरी कुणाची, तर देवाच्या दारातली.

आता तुम्ही म्हणाल, तमाशाचा आणि देवाचा काय संबंध?

संबंध पहिल्या पाच मिनिटांतच दिसतो. ढोलकी आणि हलगीची सलामी झाली की गण होतो, म्हणजे गणपतीला वंदन. मागं तुणतुणं आणि झांज असते. त्यानंतर गवळण. मथुरेच्या बाजाराला दूध-लोणी घेऊन निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, त्यांच्यासोबत असलेली मावशी कृष्णाशी हुज्जत घालते आणि सगळा मांडव हसतो. मावशीचं काम परंपरेनं पुरुषच करतो. गवळण हा प्रकार संत एकनाथांनीही लिहिला, वारकरी कीर्तनात तो आजही गायला जातो. म्हणजे एकच गवळण सप्ताहाच्या मांडवात टाळावर आणि यात्रेच्या स्टेजवर ढोलकीवर ऐकायला मिळते. पुढं बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. पूर्वी हा वग उजाडेपर्यंत चालायचा.

आता नारायणगावच का, तर त्यामागं मोठा वाटा एका घराण्याचा आहे.

नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि पुढं त्यांच्या मुलांनी, म्हणजे भाऊ आणि बापू यांनी तो गाजवला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे नाव महाराष्ट्रभर झालं. तमाशात आडनाव गावावरून पडतं, त्यामुळं फड जिथं जाईल तिथं गावाचं नाव बोर्डावर जायचं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं अवसरीही वसंत अवसरीकरांमुळं असंच बोर्डावर चढलं.

भाऊंची मुलगी १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मली. विठ्ठलाच्या गावात जन्मली म्हणून नाव ठेवलं विठा. गंमत बघा, त्या वेळी तिच्या समाजाला विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. तो मिळाला १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ज्यांनी गावोगाव रात्रीची सुरुवात देवाच्या गाण्यानं केली, त्यातल्या कितीतरी कलाकारांना त्या गावच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं.

हीच विठा पुढं तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर झाली. त्यांची एक गोष्ट आजही सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या स्टेजवर होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत खेळाला उभ्या राहिल्या. समोरच्या लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट कौतुकानं सांगतात खरी, पण त्या बाईला त्या अवस्थेत उभं राहावं लागत होतं हेही त्यातच आलं. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

राज्य सरकारनं २००६ पासून त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुढं तो त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनाही मिळाला. विठाबाईंच्या नावाचा फडही पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला आहे.

हा धंदा चालतो मात्र उधारीवर. पावसाळ्यात तमाशा बंद असतो. त्याच दिवसांत कलाकारांना पुढच्या हंगामासाठी उचल द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. फडमालक त्यासाठी कर्ज काढतो. ट्रक, जनरेटर, लाइट, साउंड आणि मोठ्या फडात शंभरच्या आसपास माणसांचं रोजचं जेवण. हे सगळं फिटणार चैत्र-वैशाखातल्या मोजक्या रात्रींवर.

म्हणून २०२० मध्ये काय झालं असेल याचा अंदाज करा. त्या वर्षी गुढीपाडवा होता २५ मार्चला आणि देशभरातला लॉकडाऊनही त्याच दिवशी सुरू झाला. यात्रा रद्द, सुपाऱ्या रद्द, उचल मात्र देऊन झालेली. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. सलग दोन हंगाम कोरडे गेले.

आता यात्रा पुन्हा भरतात, राहुट्याही लागतात. स्टेजवर मात्र सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश वाढलीय, आणि रात्री दहाच्या नियमामुळं वगाला वेळ अपुरा पडतो. गवळण कापून छोटी केली जाते. गण मात्र अजून कुणी गाळलेला नाही. तो ऐकायचा असेल तर जेवण उरकून निवांत जाऊ नका, पहिली हलगी वाजायच्या आत पोहोचा.