पोलादाचे ‘पाणी’ : एक शब्द व त्यामागील क्रिया

जालना जिल्ह्याची निर्मिती १९८१ सालची. परंतु तेथील कारखान्यांत सळईवर होणाऱ्या संस्काराची कल्पना फार प्राचीन आहे. मराठीत ह्या संस्कारास ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतात. ह्या शब्दप्रयोगाचा इतिहास पाहू जाता भाषा आणि धातुविद्या परस्परांवर प्रकाश टाकतात.

सुश्रुतसंहितेत शस्त्रांच्या ‘पायने’चे क्षार, उदक व तैल असे तीन प्रकार सांगितले असून प्रत्येकाचे कार्यही निराळे दिले आहे. बृहत्संहितेत वराहमिहिराने शस्त्रपानाच्या कृती नोंदविल्या आहेत. ‘पायना’ हे रूप ‘पा’, म्हणजे पिणे, ह्या धातूच्या प्रयोजकापासून सिद्ध होते. मराठी ‘पाजणे’ ह्यातही तोच अर्थ आहे. लोखंड काहीतरी पिते व त्यामुळे कणखर होते, असे ह्या शब्दांतून सूचित होते.

वस्तुतः लोखंड काहीही पीत नाही. क्षारयुक्त पाणी त्वरेने, साधे पाणी त्याहून सावकाश आणि तेल अधिकच मंदपणे उष्णता हरण करते. फरक पडतो तो ह्या वेगामुळे. शेफील्ड येथील सॉर्बी याने १८६३ पासून पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास आरंभ केला आणि धातूची अंतर्रचना दृष्टीस पडू लागली. तप्त पोलाद एकाएकी निवविले असता कार्बनचे अणू बाहेर पडू न शकल्याने लोहाच्या जालकात अडकून राहतात. ह्या अतिकठीण परंतु ठिसूळ रचनेस ऑस्माँ याने १८९५ साली, मार्टेन्स ह्या जर्मन संशोधकाच्या नावावरून, ‘मार्टेन्साइट’ म्हटले. ती पुन्हा मध्यम तापविली असता काठिण्य थोडे घटते, पण चिवटपणा येतो. म्हणजे क्रिया दोन आहेत. मराठीत मात्र ‘पाणी देणे’ ह्या एकाच प्रयोगात त्या सामावल्या जातात.

जालन्याच्या टीएमटी सळईत ह्या दोन्ही क्रिया एकापाठोपाठ घडतात. भंगार वितळवून ओतलेले पोलाद लाटून सळई होते आणि तप्त असतानाच ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून जाते. तिचे बाह्य कवच मार्टेन्साइट बनते. गाभा मात्र तप्तच राहतो. बाहेर येताच गाभ्यातील उष्णता कवचाकडे वाहते व त्याचा ठिसूळपणा घालविते. गाभ्यात फेराइट व पर्लाइट ह्यांची मऊ, लवचीक रचना होते. ही पद्धती १९७० नंतरच्या दशकात बेल्जममधील लीएज येथे विकसित झाली. सळईवरील ‘५००’ ह्या अंकाचा अर्थ असा की, दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन भार येईपर्यंत ती कायमची ताणली जाऊ नये.

निष्कलंक पोलादाच्या बाबतीत तर हा शब्द अधिकच जपून वापरावयास हवा. सुमारे १३ टक्के क्रोमियमचे, पुरेसा कार्बन असलेले पोलाद निवविल्याने कठीण होते. शस्त्रवैद्याची कात्री त्याचीच. परंतु घरातील भांड्यांच्या क्रोमियम-निकेलयुक्त पोलादास सुमारे १०५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाण्यात बुडविले, तर ते उलट मऊ होते. त्याचे बळ वाढते ते थंड लाटण्याने.

सारांश, ‘पाणी देणे’ हा प्रयोग कृतीचे यथार्थ वर्णन करतो, कारणाचे नव्हे. पारिभाषिक शब्द म्हणून तो स्वीकारताना निवविणे व पुनस्तापन ह्यांना वेगळी नावे देणे अगत्याचे आहे; अन्यथा जालन्याच्या सळईचे बळ पाण्याइतकेच तिच्या गाभ्यात उरलेल्या उष्णतेचे आहे, हे मराठीत नेमकेपणाने सांगता येणार नाही.