दिनविशेष, २२ ऑक्टोबर : लेव्ह याशिन यांचा जन्म
सोव्हिएत संघाचे फुटबॉल गोलरक्षक लेव्ह याशिन यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्कोतील कामगार कुटुंबात झाला. युद्धकाळात शाळकरी वयातच ते कारखान्यात लागले. पुढे डायनॅमो मॉस्को क्लबने त्यांना हेरले, पण सुरुवात फजितीचीच झाली. १९५० च्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात समोरच्या गोलरक्षकाने लांबवर टोलवलेला चेंडू अडवायला ते धावले, आपल्याच बचावपटूवर आदळले आणि चेंडू थेट जाळ्यात गेला! पहिल्या संघात जम बसेपर्यंत ते आइस हॉकीतही गोल राखत होते.

गोलरेषेवर खिळून राहण्याच्या त्या काळात याशिन पुढे सरसावत, बचावफळीला ओरडून सूचना देत, पकडता न येणारा चेंडू मुठीने उडवत. गडद पोशाखामुळे त्यांना ‘काळा कोळी’ म्हणत. १९५६ चे ऑलिंपिक सुवर्ण आणि १९६० चा युरोपीय करंडक संघाने त्यांच्याच भरवशावर जिंकला. १९६२ च्या विश्वचषकात कोलंबियाने ४-४ अशी बरोबरी साधली. त्यातला एक गोल थेट कॉर्नरवरून झाला. याशिन यांच्यावर बोचरी टीका झाली. पण पुढच्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा ‘बॅलन डी’ओर’ पुरस्कार त्यांना मिळाला. पुरुषांमध्ये हा मान मिळालेले ते आजवरचे एकमेव गोलरक्षक. १९६६ मध्ये संघ विश्वचषकात चौथा आला.

१९७१ मध्ये ते निवृत्त झाले. उतारवयात त्यांचा पाय कापावा लागला. २० मार्च १९९० रोजी त्यांचे निधन झाले.