राख किती टक्के?

बँकेत चिकटून मला बावीस वर्षं झाली. त्यांतली चौदा कर्जखात्यात गेली. बी.कॉम.ला ऑडिटिंगच्या पेपरात मी काठावर पास झालो, ही गोष्ट खरी. पण सोलापुरातल्या एखाद्या यंत्रमागवाल्याचा ताळेबंद हाती आला, की तो कुठं फुगवलाय आणि कुठं पोट आत ओढून धरलंय, हे मी चहा निवायच्या आत सांगतो, अशी माझी समजूत होती. (ही समजूत शाखेत दुसऱ्या कोणाचीही नव्हती.) गेल्या उन्हाळ्यात तीन किलोच्या एका पिशवीनं ती पार धुळीला मिळवली. पिशवी कुत्र्याच्या खाण्याची होती.

कुत्रा म्हणजे आमचा मोत्या. खरं तर तो आईचा. आई होती तोवर त्याच्या आहाराचा प्रश्न कधी निघालाच नाही. कडक भाकरीचा चुरा, त्यावर ताक, आणि स्वारी लाडात आली तर बोटभर शेंगाचटणी. दोन वर्षांपूर्वी आई गेली. यंदा मोत्याला अकरावं लागलं आणि तो पाणी जास्त पिऊ लागला, जेवायचा मात्र कंटाळा करू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "मूत्रपिंडं थकलीत. फॉस्फरस कमी असलेलं खाणं द्यायला हवं. पिशवीवरचं लेबल नीट वाचा आणि मला दाखवल्याशिवाय सुरू करू नका. आणि ती चटणी आधी बंद करा. लसूण-कांदा कुत्र्याला बाधतो." आईनं इतकी वर्षं मायेनं काय भरवलं, हे ऐकून मी मोत्याकडे बघू शकलो नाही. मोत्या मात्र 'चटणी' हा शब्द ऐकून शेपूट हलवत होता.

दुकानातून नमुन्याची एक पिशवी आणली. सौ.नं चष्मा लावून ती मागून वाचली आणि किंचाळली, "अहो, यात राख आहे! आठ टक्के!"

"छपाईची चूक असेल."

"चूक कसली? स्वच्छ लिहिलंय. पैसे मोजून राख आणलीत? आमच्या माहेरी भांडी घासायला फुकट मिळायची!"

ही राख कुठून आली ते शोधायला मी बसलो, आणि दीडशे वर्षं मागं गेलो.

तसं पाहिलं तर कुत्र्यानं काय खावं याची काळजी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पंढरपूरच्या नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही कथा लहानपणी कोणी ऐकली नाही? पण त्या तुपाच्या वाटीवर लेबल नव्हतं. लेबल लागतं ते ओळख नसलेल्या माणसाकडून माल घेताना. आणि असा माल विकणारा पहिला बडा असामी होता जेम्स स्प्रॅट. हा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. १८६० च्या सुमारास तो लंडनला गेला तो विजेपासून घर वाचवणाऱ्या सळ्या विकायला. तिथं गोदीवरची कुत्री खलाशांची टाकलेली टणक बिस्किटं खाताना त्यानं पाहिली, असं सांगतात. सळ्या राहिल्या बाजूला आणि गहू, बीट, भाज्या आणि मांस यांचं कुत्र्यांसाठी बिस्किट निघालं. त्यातलं मांस नेमकं कशाचं, हे मात्र त्यानं मरेपर्यंत कोणाला कळू दिलं नाही म्हणतात. म्हणजे या धंद्याचा पहिला ताळेबंदच 'इतर येणी' या सदराखाली सुरू झाला. याच स्प्रॅटच्या पेढीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक पोरगेला कारकून होता. त्यानं १८९१ साली लंडनमध्ये आपल्या नावाचं कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं आणि ते जगप्रसिद्ध झालं. आम्हा कारकुनांमधून एवढ्या वर चढलेला माणूस मला दुसरा ठाऊक नाही.

पुढं १९२२ साली अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे निघाले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्यावर नियंत्रण आलं, तेव्हा डबे मागं पडले आणि कोरडं खाणं पुन्हा वर आलं. १९५७ साली एका कंपनीनं नाश्त्याचे धान्यपदार्थ करायचं तंत्र कुत्र्याच्या खाण्याला लावलं. सोऱ्यातून शेव पाडतात, तसं वाफेच्या दाबाखाली पीठ साच्यातून ढकलायचं. बाहेर पडताच ते फुगतं. पिशवीतले ते गोळे म्हणजे मोत्याचे कुरमुरेच.

आता राख. जर्मनीत गॉटिंगेनजवळ वेंडे नावाचं गाव होतं. तिथल्या शेतकी प्रयोगशाळेत १८६० च्या दशकात हेनेबर्ग आणि श्टोमान या दोघांनी जनावरांच्या वैरणीचं पृथक्करण करायची रीत बसवली. वैरण वाळवायची, गेलं ते पाणी. तेल काढायचं, ती चरबी. आणि सगळं जाळून जे उरतं ती राख, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फरस वगैरे खनिजं. पिशवीत राख कोणी घालत नाही. मोत्याचं जेवण जाळलं तर किती उरेल, त्याचा तो आकडा. सौ.ला हे समजावलं. ती म्हणाली, "मग जाळतात कशाला? खायला घाला की."

पण खरी मेख आहे ती प्रथिनांच्या आकड्यात, जो सगळ्यांत मोठ्या अक्षरात असतो. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनतज्ज्ञानं धान्यातला नायट्रोजन मोजायची युक्ती काढली. नायट्रोजनला ६.२५ नं गुणलं की प्रथिनं निघतात. म्हणजे प्रथिनं कोणी मोजतच नाही, अंदाजानं धरतात. आमच्याकडे तारण म्हणून ठेवलेल्या मालाची किंमत असते ना, तसं. आणि जिथं अंदाज आला तिथं चलाख माणूस आलाच. चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन मिसळलेलं निघालं. ते प्लॅस्टिकच्या ताटल्यांसाठी वापरतात, पण त्यात दोन-तृतीयांश नायट्रोजन! आकडा फुगला, लेबल चकाकलं, आणि २००७ साली अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. एका कॅनेडियन कंपनीला सहा कोटी डबे-पाकिटं परत बोलवावी लागली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हेच भूत बाळांच्या दूधभुकटीत निघालं आणि सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली. 'मूत्रपिंड' हा शब्द वाचला तेव्हा मी उठून मोत्याचं पाण्याचं भांडं भरून आलो.

त्यानंतर मी लेबलाकडे कर्जाच्या अर्जासारखं बघू लागलो. आणि काय सांगू, सगळी जुनी ओळखीचीच मंडळी भेटली!

पहिली युक्ती नावाची. अमेरिकेत १९०९ पासून पशुखाद्य-अधिकाऱ्यांची एक संघटना आहे. तिच्या नमुना-नियमांप्रमाणे खाण्याचं नाव नुसतं 'चिकन' असेल तर पाणी वगळून त्यात ९५ टक्के कोंबडी हवी. 'चिकन डिनर'ला २५ टक्के पुरते. 'विथ चिकन'ला ३. आणि 'चिकन फ्लेवर' असेल तर चव लागली म्हणजे झालं; कोंबडी नुसती गल्लीतून गेली तरी चालते.

दुसरी युक्ती घटकांच्या यादीची. तिथं यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणून मका पहिला येऊ नये यासाठी त्याचे तीन तुकडे करतात: मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लूटेन. एकाच माणसानं बायकोच्या, मेव्हण्याच्या आणि सासूच्या नावानं खाती उघडावीत, तसा प्रकार. बेरीज केली की मूळ मालक सापडतो.

तिसरी पाण्याची. डब्यावर प्रथिनं ९ टक्के आणि पिशवीवर २२. पण डब्यात ८० टक्के पाणी, पिशवीत १०. पाणी वजा केल्यावर डब्यात ४५ टक्के निघतात आणि पिशवीत साडेचोवीसच्या आत. व्याजाचा जाहीर दर आणि प्रत्यक्ष पडणारा दर यांतला फरक ज्यानं आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावला, त्याला हे कळायला अकरा दिवस लागले.

चौथी, 'सीनियर' हा शब्द. त्या अमेरिकन नियमांत वाढत्या पिल्लाचं आणि मोठ्या कुत्र्याचं, अशी पोषणाची दोन कोष्टकं आहेत. म्हाताऱ्याचं वेगळं कोष्टकच नाही. आमच्याकडे 'सीनियर'ला निदान अर्धा टक्का जास्त व्याज तरी मिळतं.

एवढं सगळं शिकून मी ती पिशवी पुन्हा हातात घेतली आणि फॉस्फरस शोधू लागलो. तो कुठंच नव्हता! प्रथिनं होती, चरबी होती, राख होती. ज्या एका आकड्यासाठी मी लेबल वाचत होतो, तेवढा नव्हता. आमच्या साहेबांचं एक वाक्य आठवलं: ताळेबंदात काय लिहिलंय ते कोणीही वाचतो, काय लिहिलेलं नाही ते वाचायचा पगार तुम्हाला मिळतो.

पण आपल्याकडच्या कायद्यानं पाकिटावर वजन, किंमत आणि पत्त्याबरोबर तक्रारीसाठी फोन नंबरही सक्तीचा केलेला आहे. तो लावला. पलीकडच्या मुलीनं तिसऱ्या दिवशी आकडा कळवला. डॉक्टरांनी तो पाहून मान हलवली, "जास्त आहे." दुसऱ्या पिशवीचा विचारला, तोही जास्त. शेवटी त्यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वेगळं मिळणारं खाणं लिहून दिलं. त्यावर फॉस्फरस छापलेला होता. किंमतही होती, ती इथं सांगत नाही, सौ. हे वाचणार आहे.

मोत्यानं त्या खाण्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. दोन दिवस तो उपाशी, आणि त्याच्या काळजीनं आम्हीही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून सौ.नं कडक भाकरीचा नखाएवढा तुकडा त्यावर चुरला. मोत्यानं वाटी चाटून पुसून काढली. मग दाराकडे, आई बसायची त्या पाटाकडे बघत जरा वेळ उभा राहिला आणि पाणी प्यायला गेला.

आता रोज सकाळी हाच कार्यक्रम असतो. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले; मी वजनकाटा आणि कॅल्क्युलेटर घेऊन धावतो. तुपाला डॉक्टरांनी मनाई केली आहे.