रुमालातील क्रम आणि खंडातील क्रम

अठराव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना बखर आणि पत्र हे दोन आधार सामान्यतः गृहीत धरले जातात. त्यांपैकी 'पत्र' म्हणून अभ्यासकासमोर जे असते ते बहुतेक वेळा छापील पत्र असते, म्हणजे कोणीतरी निवडलेले, बाळबोधात उतरवलेले आणि साल लावून क्रमात बसवलेले. या तीन क्रियांतून घराण्याच्या दफ्तराचे ऐतिहासिक साधन झाले. पण त्याच क्रियांनी त्या लेखनाचे मूळ रूप कितपत बदलले, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासकारांनी फारसा विचारात घेतलेला नाही.

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. बखरींपेक्षा अस्सल पत्रे अधिक विश्वसनीय, ही त्यांची भूमिका त्या काळी क्रांतिकारक होती. त्याआधी एकच वर्ष, १८९७ मध्ये, वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत पटवर्धन घराण्याच्या दफ्तरावर आधारलेला 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सुरू केला होता. मेणवलीचे नाना फडणिसांचे दफ्तर द. ब. पारसनिसांच्या साताऱ्याच्या संग्रहात आले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ यांमुळे वाड्यांच्या माळ्यांवरील कागदांना सार्वजनिक आश्रय मिळाला. या पिढीचे ऋण निर्विवाद आहे. तिच्या निवडीची चिकित्सा करणे म्हणजे ते ऋण नाकारणे नव्हे.

या निवडीमागे जसा राजकीय महत्त्वाचा निकष होता, तशीच एक तांत्रिक अडचणही होती. मोडी पत्रांत तिथी असते, महिना असतो; साल पुष्कळदा नसते. ज्याला लिहायचे त्याला चालू साल ठाऊकच असे. संपादकाने ते साल ठरवायचे ते पत्रातील स्वारी, तह, मृत्यू अशा ज्ञात घटनेच्या आधाराने. याचा परिणाम सरळ आहे. ज्या पत्रात मोहीम आहे त्याला साल मिळते आणि साल मिळाले की कालक्रमात जागा मिळते. सुनेचे आजारपण, कुळाकडचे धान्य, मुंजीचा खर्च किंवा रुसलेल्या आप्ताची समजूत एवढाच ज्याचा विषय, त्या पत्राला आधारभूत घटनाच नसते. असे पत्र क्षुल्लक ठरण्याआधीच कालक्रमाबाहेर पडते. कालानुक्रम ही तटस्थ मांडणी वाटते. वस्तुतः तीही एक निवड आहे.

रुमालातील क्रम निराळा होता. तेथे युद्धाची बातमी आणि घरखर्चाची याद एकाच फडक्यात बांधलेली असे. मुख्य पत्राबरोबर जाणारी पुरवणी हे याचे चांगले उदाहरण आहे. उघड सांगता न येणारा मजकूर तीत येई आणि तिचा अर्थ तिच्या सोबतच्या पत्रावर अवलंबून असे. रुमाल सुटला, कागद विषयवार लागले, की अशी पुरवणी अनाथ होते. कारकुनाचे अक्षर कोठे संपले आणि धन्याचे स्वतःचे अक्षर कोठे सुरू झाले, हा भेदही छापील पानावर दिसेनासा होतो. मेस्तकाच्या परंपरेने ठरवून दिलेले मायने संपादकीय सोयीसाठी गाळले, तर लिहिणारा आणि वाचणारा यांतील मानाचे नातेही त्यांबरोबर गळते.

'खासगी' या शब्दाचा प्रवास येथे बोलका आहे. पेशवाईत खासगी म्हणजे दौलतीहून वेगळे असे धन्याचे स्वतःचे उत्पन्न आणि कारभार; त्या शब्दात अंतरंगाची, एकांताची कल्पना नव्हती. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघालेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ निवडक खंडांत पेशव्यांच्या खासगी जीवनाला स्वतंत्र स्थान मिळाले. राजकारण आणि घर यांची ही विभागणी संपादकाच्या काळाची आहे, कागदांच्या काळाची नाही. नातवाला, म्हणजे सवाई माधवरावाला, गोपिकाबाईंनी लिहून पाठवलेला आचारोपदेश घरगुती म्हणावा की राजकीय? हा प्रश्न त्या लेखनाला पडलेला नाही. तो वर्गीकरणाला पडतो.

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने यातील हानी दुहेरी आहे. मराठी गद्य म्हणजे मुत्सद्द्यांचे नेटके, आटोपशीर गद्य, ही प्रतिमा बऱ्याच अंशी छापील निवडीतून घडली. तोंडी सांगून लिहविलेले, पुनरुक्तीने भरलेले, बोलीला जवळचे गद्य तिच्याबाहेर राहिले. स्त्रियांच्या लेखनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील आत्मकथनांपासून धरण्याची सवयही याच मर्यादेतून बळावली आहे.

केवळ पुण्याच्या पेशवे दफ्तरातच तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. त्यांतील छापले गेलेले कागद मूठभर आहेत. उरलेल्यांच्या वाचनासाठी मोडी हवी. परंतु मोडी हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा विषय आणि संहिताचिकित्सा हा मराठीच्या विद्यार्थ्याचा, अशी वाटणी विद्यापीठांतून रुळली आहे. ती मोडल्याखेरीज अठराव्या शतकाचे गद्य म्हणून जे शिकवले जाईल, ते विसाव्या शतकाच्या संपादकांनी निवडलेले गद्य असेल.