मुरुमाच्या कोर्टाची बाजू

म्हैसूरच्या कडेला, जुन्या मळ्यांचे प्लॉट पडत आहेत तिथे, घराशेजारी टेनिस कोर्ट बांधू पाहणाऱ्याला एकच सल्ला मिळतो: काँक्रीट टाका, वर अ‍ॅक्रिलिकचा रंग चढवा, पुढे देखभाल नाही. मातीला रोज पाणी, रोज रोलर आणि पावसाळ्यात चिखल. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे मुरुमाचे कोर्ट चार महिने निकामी राहील, आणि मीही काँक्रीटच सुचवीन.

म्हैसुरात मात्र वर्षाचा पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर, त्यातही मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या सरींचा वाटा मोठा. निचरा नीट असेल तर सर ओसरल्यावर कोर्ट लवकर वाळते.

आणि 'देखभाल नाही' हे विधानच चुकीचे आहे. अ‍ॅक्रिलिकचा थर काही वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो. स्लॅबखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर राहून गेला तर बाष्प रंगाला फोड आणते. शंभर फुटांना सुमारे एक फूट, तोही एकाच दिशेने, हा ढाळ चुकला की पाणी साचते. तडा बुजवला तरी पुन्हा उघडतो. हे दोष बांधकामाच्या दिवशीच घट्ट होऊन बसतात. मुरुमात खळगा पडला तर त्याच संध्याकाळी ओली माती भरून, ठोकून, रोलर फिरवता येतो. शिवाय पाय घसरत थांबतो, गुडघ्याला झटका कमी बसतो. पन्नाशीनंतर खेळणाऱ्या घरमालकाला हे फार मोलाचे आहे.

पाण्याचा आक्षेप खरा जड. पण १२० बाय ६० फुटांच्या कोर्टावर वर्षाला पाच लाख लिटरहून अधिक पाऊस पडतो. उताराच्या बाजूला गटार आणि टाकी केली तर त्यातला काही भाग उन्हाळ्याच्या शिंपणीला उरतो.

कौशल्य लागते ते खालच्या थरांत. पॅरिसमधल्या, १९२८ साली उभ्या राहिलेल्या रोलाँ गारोसवर दिसणारी लाल विटेची भुकटी जेमतेम दोन मिलिमीटर. खेळ पेलतात ते खालचे चुनखडी, कोळशाची राख आणि खडी यांचे थर. आपल्याकडे मात्र खडी-मुरुमाच्या भरावात काटकसर होते आणि दोष मातीच्या माथी येतो.

अर्थात कोर्ट उत्तर-दक्षिण बसायला हवे. नाहीतर संध्याकाळचा सूर्य एका खेळाडूच्या डोळ्यांत जातो. ५० बाय ८० च्या साइटवर तर ते मावतच नाही. तिथे सरावाची एक भिंत बांधावी.